कपाटाजवळची जागा

घरातसुद्धा कधी कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. मानवतच्या आमच्या गाणंवेड्या मंडळींत ‘कानाचा तयार माणूस’ म्हणून ज्याला मान होता तो मी, निम्म्याहून जास्त गाणं ऐकूच शकत नव्हतो. जिनिंगमध्ये कापसाच्या यंत्रांशेजारी उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्या खडखडाटानं कानातले वरचे सूर हळूहळू काढून नेले. खालचे तेवढे ठेवले. संतूर लावलं की मला लाकडावर लाकूड आपटल्यासारखं वाटायचं. तंबोऱ्याची झणझण गेली, तबल्याची चाट गेली, डग्गा तेवढा शाबूत राहिला. हे मी लपवलं... आणि लपवण्यापायी एका मुलीचं नुकसान केलं. ती मुलगी डॉक्टरांची. ज्या डॉक्टरांना जाऊन आता काही आठवडे झाले, त्यांची.

ते गेल्याची बातमी आमच्या मंडळींतल्या जब्बारभाईंनी आणली. जिनिंगच्या फाटकाशी ते हातात हेल्मेट धरून उभे होते. चहापत्तीचं दुकान असं भरदुपारी सोडून येणारा हा माणूस नव्हे. मी जवळ गेलो तर त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही, आणि त्या वेळी दोष माझ्या कानांचा नव्हता. त्यांच्या मागं गाडीवर बसलो. गाडी डॉक्टरांच्या दाराशीच थांबली.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. बोरीच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली, मग मानवतला घर बांधून राहिले. आमची ओळख माझ्या म्हशीनं करून दिली. ती अडली होती, आणि हा माणूस कोपरापर्यंत हात घालून, घामाघूम होत, मला विचारत होता, “दिगंबरराव, सध्या काय ऐकायलाव?” मला वाटलं, म्हशीच्या पोटात काही आवाज येतोय का ते विचारताहेत. “गाणं हो, गाणं! खिशात रेडिओ दिसायलाय तुमच्या, म्हणून इचारलं.” रेडकू बाहेर आलं, आणि पुढच्या रविवारी मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत होतो.

रविवारचा तो सकाळचा बेत साधा होता. जमेल त्यानं यायचं आणि सध्या काय ऐकतोय ते सांगून एकच चीज लावायची. ‘चांगलं’ म्हणून गप्प बसायला मनाई, का चांगलं ते सांगायचं. वहिनींचे पोहे व्हायचे, जब्बारभाई कव्वाली आणायचे, कुणी गावाकडची भजनं आणायचं. मला तेव्हा बरंच ऐकू यायचं. ते कमी होत गेलं तसा मी इतरांच्या चेहऱ्यांवरून ऐकायला शिकलो. जब्बारभाईंची मान हलली की मी ‘वा’ म्हणायचो. ते चिडवायचेसुद्धा, “दिगंबररावकी वाह एसटीके माफिक है. देरसे आती, मगर आती.” सगळे हसायचे, मीही हसायचो. मी कमी बोलू लागलो, आणि कमी बोलणाऱ्याला लोक जाणकार समजतात. उरलेलं काम ऐकीव शब्दांनी भागवलं. जागा, ठहराव, लगाव... हे शब्द योग्य वेळी टाकले की माणसं माना डोलावतात. ती खोली सुटली तर मला दुसरीकडं कुठं काही नव्हतं. जिनिंगमध्ये मी एक पर्यवेक्षक होतो, घरी कर्ता पुरुष होतो. कुणीतरी उत्सुकतेनं काही विचारावं असा माणूस मी फक्त तिथं होतो.

डॉक्टरांची मुक्ता गायची. कॉलेज संपलं तेव्हा तिच्या गुरुजींचं म्हणणं पडलं की पोरीला बाहेरगावी ठेवा, पुरतं गाणं शिकू द्या. वहिनींना वाटत होतं की बँकेच्या परीक्षा द्याव्यात. डॉक्टरांना ठरवता येईना. एका रविवारी बाकीचे गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. “तुमी ऐका अन् सांगा. तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई.” मुक्ता समोर बसली, पेटी ओढून घेतली. डोक्यावर पंखा फिरत होता. खालच्या सुरांत ती गात होती तोवर मला ती नीट ऐकू येत होती. वर जाऊ लागली तसा आवाज पातळ झाला, पातळ होत होत पंख्याच्या घरघरीत विरला. तिचं तोंड उघडं, मान उंचावलेली, आणि मला काही नाही. हे माझ्या कानांमुळं होतंय, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आमच्या दारातल्या लिंबावरची पाखरं तोवर मला मुकी झाली होती. ‘डॉक्टर, मला ऐकू येत नाही,’ एवढंच वाक्य होतं... मी म्हणालो, “खालचं चांगलंय. पण वर गेली की आवाज विरतो. टिकायचा नाही.” मुक्तानं पेटीचा भाता बंद केला. “बरं काका,” म्हणाली, आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली. त्या वर्षी ती बँकेच्या परीक्षेला बसली. आज परभणीला नोकरीत आहे, उत्तम चाललंय. गात नाही.

पुढं वर्षभरानं आमची म्हैस तापली. डॉक्टरांनी शेपटीखाली बॅटरीवरचा थर्मामीटर लावला, मला धरायला दिला आणि म्हणाले, “वाजला की सांगा,” आणि इंजेक्शन भरायला वळले. मी धरून उभा. म्हैस शेपटी मारतेय, मी धरून उभा. डॉक्टर सिरिंज हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिले. मग शांतपणे जवळ आले, थर्मामीटर काढून घेतला, आकडा वाचला. तो केव्हाच वाजून गेला होता, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं, पण त्यांना काय कळलं ते मी स्वतःला कळू दिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी खोलीतली मांडणी बदललेली होती. मोठा स्पीकर औषधांच्या सागवानी कपाटावर चढला होता, आणि कपाटाला लागून एक गादी टाकलेली. “ही दिगंबररावांची जागा. इथं दुसऱ्यानं बसायचं न्हाई.” जब्बारभाई म्हणाले, “हमारा क्या गुनाह?” डॉक्टर म्हणाले, “तुमी पोहे सांडता.” मी मानाचं आसन समजून ऐटीत पाठ टेकली, आणि लाकडातून पखवाज माझ्या पाठीत उतरला. किती वर्षांनी अंगभर काहीतरी वाजलं होतं! तेव्हापासून डॉक्टरांचं ‘सध्या काय ऐकायलोय’ बदललं. पखवाज, मंद्र सप्तकातले लांब आलाप, खर्जातली वीणा, वालूरकडच्या एका भजनी मंडळाचा मृदंग. एरवी सतार म्हणजे जीव की प्राण असणारा माणूस, आम्ही जमलो की सतारीचं नाव काढीना. मला वाटायचं, वय झालं की माणसाची आवड खाली उतरत असेल. त्या रविवारांनी मला खरं ऐकणं परत दिलं. माझी वाहवा वेळेवर येऊ लागली, जब्बारभाईंनासुद्धा एसटीचं काही बोलता येईना. आयुष्यात माझ्यासाठी इतकं कुणी, इतक्या बिनबोभाट, केलेलं नाही.

शेवटची भेट झाली तेव्हा ते बरेच थकले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो, स्पीकर बंद होता. म्हणाले, “मी तुमाला कधी संतूर का ऐकवलं न्हाई, इचारलं न्हाईत.” मी खाली बघितलं. “दिगंबरराव, जनावर काय दुखतंय ते सांगत न्हाई. ते वळखण्यावरच माझी भाकरी हाय.” जरा दम घेऊन म्हणाले, “थर्मामीटर वाजला त्या दिवशी पोरीच्या गाण्याचं बी समजलं मला. पण ती नोकरीच्या मागं लागली होती, अन् तिला सांगितलं असतं तर तुमच्या तोंडाकडं तिनं पुन्हा बघितलं नसतं. मी थांबलो. माझं बी चुकलंच. आता तुमचं तुमी सांगा तिला. अन् कान दाखवून घ्या, लय झालं.” मग वहिनी चहा घेऊन आल्या आणि डॉक्टरांनी सहज विचारावं तसं विचारलं, “बरं, सध्या काय ऐकायलाव?”

कान दाखवले, पण ते गेल्यानंतर. परभणीला जाऊन यंत्र बसवून घेतलं. सगळं काही परत आलेलं नाही, आलं ते थोडं पत्र्याचं वाटतं. तरी चपलेला आवाज असतो, कागदाला असतो, वहिनींच्या बांगड्यांना असतो, हे नव्यानं कळलं. वहिनींनी विचारलं, आठवण म्हणून त्यांचं काय नेता? सगळ्यांना वाटलं, मी स्पीकर मागणार. मी थर्मामीटर मागितला. जब्बारभाईंचे डोळे भरलेलेच होते, तरी म्हणाले, “दिगंबरराव, ओ कहाँ कहाँ जाके आयासो थर्मामीटर है, सोचलो!” त्या घरात त्या दिवसांत पहिल्यांदा सगळे हसले. धुऊन पुसून तो आता माझ्या टेबलावर आहे. सकाळी एकदा काखेत धरून बसतो. अंगात ताप नसतो. फक्त तो बारीक, चिमणीएवढा आवाज येतो का ते बघतो. येतो.

हा इथवरचा मजकूर छापायला देण्याआधी मुक्ताला वाचायला दिला. तिच्या वडिलांच्या खोलीत, त्या कपाटाजवळ उभं राहून तिनं वाचला. कागदांची घडी घातली.

“बाबांना माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही दोघं दर रविवारी पखवाज ऐकत बसलात.”

माझ्या हातात कागद देऊन ती आत गेली. या वेळी चहा आला नाही, आणि ते बरोबरच होतं. मी चपला घालत होतो तेव्हा ती दारात आली. “काका, रविवारी या. यंत्र लावून या. इतक्या वर्षांत मी रियाज केलेला नाही, तेवढं ध्यानात ठेवा. आणि तुमच्या त्या गादीवर बसायचं नाही. माझ्या समोर बसायचं.”

तो रविवार अजून यायचा आहे. तिचा वरचा सा लागत होता की नाही, मला माहीत नाही, कारण मी तो ऐकलाच नव्हता. तिचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणं, आणि ऐकू आलं तेवढंच खरं सांगणं, हे मी तिचं देणं लागतो.