पाच गाइडं आणि कांताकाकी

कांताकाकी गिऱ्हाइकाच्या हातात गाइड कधी सरळ देत नसत. मधलंच एक पान उघडून समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "वाच. आन् काय वाचलं ते मला सांग. मला कळलं तर घेऊन जा, न्हाई तर दुसरं बघू." घाईत असलेली माणसं चिडायची. काही तर समोरच्या दुकानात जायची. काकींना त्याचं काही वाटत नसे.

मंचरच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. घराणं राजस्थानातून आलेलं, जैन व्यापाऱ्याचं. पण दोन-तीन पिढ्या इथंच गेल्यामुळे काकी बोलायच्या आमच्यासारख्याच. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा गेल्यावर दुकान विकायचा सल्ला सगळ्यांनी दिला, तेव्हा त्या स्वतः दुकानात येऊन बसल्या.

माझं माहेर पिंपळवंडी, सासर पेठ. लग्नानंतर नवऱ्याच्या पाठिंब्यावर मी पुण्याला कायद्याचं शिक्षण घेत होते. सकाळची पहिली एसटी पकडायची आणि दुपारी घरी परतायचं. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, आणि आमच्या गावात सुनेनं वकील होणं ही नवलाचीच गोष्ट होती. बाकी सगळे विषय सुटले, पण फौजदारी कायद्याचा पेपर दोनदा राहिला. सासरे एक दिवस शांतपणे म्हणाले, "सूनबाई, अजून एकदा बसा. निघाला तर चांगलंच हाय. न्हाई निघाला तर मात्र पुरं करू. पोरगी दुपारी तुमची वाट बघत बघत झोपती." ते रागावले असते तर मी भांडले असते. त्या मऊ बोलण्याशी भांडायचं कसं?

दुसऱ्याच दिवशी मी मंचरला गेले आणि फौजदारी कायद्याचं आणखी एक गाइड मागितलं.

"घरी कोणतं हाय?" काकींनी विचारलं.

"पाच आहेत."

काकींनी चष्मा काढला. "पाच? आन् सहावं न्यायला आलीस? अगं, एका तापाला पाच डाक्टर केलेस तू! उद्या सगळी घेऊन ये इथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी भरून पाचही गाइडं मी त्यांच्यापुढे ठेवली. काकींनी पहिलं उघडलं. सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक. मी पान न बघता घडाघडा म्हणून दाखवलं.

"पोपट लई छान बोलला," काकी म्हणाल्या. "आता तू बोल."

मी तोंड उघडलं आणि एक वाक्य सुचेना. भर दुकानात रडू फुटलं. काकींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि दुसरं गाइड उघडलं. दुसरं नि तिसरं शब्दांनी फुगलेलं होतं. चौथ्यात चोरीचे मुद्दे जबरी चोरीखाली छापले होते, आणि मी ते तसेच इमानेइतबारे पाठ केले होते. पाचवं अगदी बारीक, म्हणून मी ते कधी धड उघडलंच नव्हतं. त्यातलं पान वाचून मी सांगू लागले आणि काकी मान डोलावू लागल्या. "हे ठेव. बाकीची चार घरी कपाटात टाक, आन् कपाटाला कुलूप लाव."

मग त्यांनी फळीवरून मूळ कायद्याचं मराठी पुस्तक काढलं. "वकील लोक हेच नेत्यात. म्हंजी आत काय तरी असंल."

त्यात प्रत्येक कलमाखाली उदाहरणं होती. 'क' हा 'य' ला काठीनं मारतो, 'क' हा 'य' च्या घरात शिरतो. काकी ती रंगून ऐकत. "हा 'क' लई वंगाळ दिसतोय गं. आन् बिचारा 'य' किती वेळा मरायचा?" मग स्वतःच उदाहरणं रचू लागल्या. "बेल्ह्याच्या बाजारातनं एकानं दुसऱ्याचा बैल चुकून आपला म्हणून नेला. चोरी झाली का?"

"नाही काकी. मनात लबाडी नव्हती."

"आन् घरी जाऊन चूक कळली, तरी दावणीला बांधूनच ठेवला तर?"

मी अडले. दोघींनी मिळून मूळ कायदा चाळला. तो अपहाराचा वेगळाच गुन्हा निघाला. महिनाभर आठवड्यातून दोन दुपारी असंच चाललं.

परीक्षेत प्रश्न आला छत्रीचा: चुकून नेलेली, मग कळूनही परत न केलेली. मला छत्रीच्या जागी बैलच दिसत होता. हात थांबला नाही.

निकालाच्या दिवशी कॉलेजच्या फळ्यावर माझा नंबर तीनदा वाचला. पास! परतीच्या एसटीत पेठ आलं, पण मी उतरले नाही. तशीच मंचरला गेले. काकींनी माझा चेहरा पाहिला आणि गल्ल्यावरून उठून बाहेरच्या पायरीवर मटकन बसल्या.

"सुटलीस बाई," त्या म्हणाल्या. "आन् मी बी सुटले."

"तुम्ही कशातून?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. दुकानात बसल्या त्या पहिल्याच वर्षी एका मुलीला त्यांनी जुन्या अभ्यासक्रमाचं गाइड दिलं होतं. त्यांना फरक माहीत नव्हता. मुलगी नापास झाली. "परत आली, पुस्तक ठेवलं आन् निघून गेली. एक शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. मग तिचं लगीन लावून दिलं म्हणं." काकींनी पदरानं डोळे पुसले. "आज लई हलकं वाटतंय बघ."

घरी सासऱ्यांनी निकाल ऐकला, नातीला उचलून घेतलं आणि म्हणाले, "चला, आता आईला कोर्टात सोडायला जाऊ आपण." वकिलीची सनद मिळाल्यावर घोडेगावच्या कोर्टात पहिल्या दिवशी ते खरंच माझ्याबरोबर आले.

पुढे काकींची नजर अधू झाली. दुकान बंद करून त्या नाशिकला मुलीकडे गेल्या. एके सकाळी मी कोर्टात निघाले असताना त्या मुलीचा फोन आला. देवदर्शन करून, चहा घेऊन काकी खुर्चीत टेकल्या आणि तशाच गेल्या. कसला त्रास नाही, कुणाची धावपळ नाही. ऐकून मला आधी बरंच वाटलं. रडू आलं ते नंतर, एसटीत.