बिस्किटातली काकू

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या अहमदपुरात बेकरीच्या भट्टीपुढं बायांची ही रांग लागायची. मैदा, डालडा, साखर घरून न्यायची, भट्टीवाले चाचा बिस्किटं भाजून डबा भरून देणार. पण भट्टी एक आन् घरं पन्नास. अदलाबदल झाली की अर्धी दिवाळी भांडणात जायची. म्हणून जी ती आपल्या बिस्किटावर खूण करायची. कुणी शिवणाचं अंगुस्तान दाबायचं, कुणी चारोळी टोचायचं. एक मास्तरीणबाई तर लाल पेनचं टोपण दाबायच्या, जसं काय तपासल्याशिवाय बिस्किट पोटात जाऊच देणार न्हाईत.

आमची वहिनी मुदखेडची, रेल्वेवाल्याची लेक. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिला खूण कर म्हणलं, तर तिनं आगगाडीच केली. बाटलीच्या झाकणानं चाकं, फणीच्या दातांनी खिडक्या, पिठीसाखरेचा धूर. आमच्या गावात रेल्वे न्हाई, तरी त्या साली ती आमच्या डब्यात आली. चाचा ट्रे हातात घेऊन नुसते बघत राहिले.

दुसऱ्या दिवाळीला आमचा जिल्हा नवा झालेला. पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं, पण पाऊस काही नव्या पत्त्यावर आला न्हाई. आमच्या गल्लीत पाणी राहिलं ते फक्त समोरच्या काकूच्या विहिरीत. अकरा घरं तिच्या दारात. ती घराला दोन घागरी द्यायची आन् स्वतः कठड्याशी उभी राहायची.

आता मला नकला करायची लई खोड. हेडमास्तर, यष्टीचा कंडक्टर, आमचे बाबा, कुणालाच सोडलं न्हाई. भट्टीच्या रांगेत वेळ जाईना म्हणून मी काकू काढली. पदर खोचला, कमरेवर हात, मान वाकडी, आवाज नाकातनं, "सांडू नगंस गं भवाने, तुज्या बापानं खांदली का हीर?" रांग हसून हसून वाकली. मग एकदम गप झाली. मला वाटलं, आपण भारीच रंगलो. मागं वळले तर काकू मैद्याचा डबा काखेत घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमची घागर उचलली, आमच्या उंबऱ्यावर आणली आन् पालथी ठेवून गेली.

तिथनं पुढं बसस्टँडच्या पलीकडच्या मळ्यातनं पाणी. सकाळी चार खेपा. आईचे गुडघे आधीच कुरकुर करायचे, ते आता बोंबलायला लागले. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं, त्यांच्या वाट्याचं आई बोलायची. तिसऱ्या दिवशी मी काकूच्या दारात जाऊन माफी मागितली. दार उघडलं न्हाई. आतनं विचारलं, "आता ही माफी कुनाची नक्कल हाय?"

आले परत.

वहिनी मला एका शब्दानं रागावली न्हाई. रेशनची साखर उरली होती, ती दळली. मैदा, डालडा घेतला, मळायला बसली आन् म्हणाली, "बस समोर. काकू कर."

मी नाकातनं सुरू केलं.

"आवाज नगं. बिस्किट बोलत न्हाई. हात दाखव."

मग ती विचारत गेली. दोर कसा धरते? मी धरून दाखवला, उजवा अंगठा वाकडा ठेवून, कारण दोरानं तिचा अंगठा वाकडाच झालाय. पहिली बादली कुणाच्या घागरीत? कुणाच्याच न्हाई, ती कठड्याजवळच्या कुंडीत ओतते, गल्लीतल्या गाईला. कोपऱ्यावरची म्हातारी आली की? तिला काकू स्वतः ओढून देते, वर घागरीच्या तोंडाला फडकं बांधून. मी करून दाखवत गेले आन् माझं मलाच नवल वाटलं. हे सगळं मला येत होतं. भट्टीपुढं मी ते केलं न्हाई, कारण त्याच्यावर कुणी हसलं नसतं.

एक ट्रे भट्टीत कोण घालून देणार? वहिनीनं पातेल्यात वाळू तापवली आन् वर ताटली ठेवून आठ-आठ बिस्किटं भाजली. लुगड्याच्या निऱ्या फणीनं पाडल्या. दोराचा पीळ उदबत्तीच्या काडीनं कोरला. गाईच्या डोळ्याला एक मोहरी. काकू तर अशी उतरली की मी पदर सारखा करून बसले. वाकड्या अंगठ्यावर वहिनीनं जेवढा वेळ घातला, तेवढ्यात माझं अख्खं गाव नकलून झालं असतं. मग अकरा घागरी. कुणाच्या घागरीला पोचा, कुणाच्या काठाला चीर, ज्याची त्याला ओळखू यावी अशी. त्यातली आमची पालथी.

ताट झाकून आम्ही दोघी गेलो. वहिनीला बघून काकूनं दार उघडलं. ताटावरचं फडकं काढलं. बोटानं घागरी मोजल्या, आमच्यावर थांबली.

"ही पालथी का?"

"तुम्ही सुलटी कराल म्हनून," वहिनी म्हणाली.

काकूनं गाईला बोट लावलं, मग त्या अंगठ्याला. "हे तुला कुनी सांगितलं? तू तर सकाळी हिरीवर येत न्हाईस."

"हिनं."

काकूनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मग त्या दिवशी हे का न्हाई करून दाखवलंस?"

मला गावातल्या सगळ्यांचे आवाज काढता येतात. त्या वेळी माझाच निघाला न्हाई.

काकूनं आमची घागर दोन बोटांत उचलली, सुलटी केली आन् ओळीत शेवटी ठेवली. सकाळी लवकर या म्हणाली. मी निघाले तर मागनं आवाज आला, नेहमीचा, नाकातला, "आन् दोर तू वडायचा. अकराबी घरांचा."

दिवाळीभर ओढला. तळहाताला फोड आले, तवा कळलं अंगठा कसा वाकडा होतो.

त्या ताटातलं एक बिस्किट काकूनं फोडलं न्हाई, कुणाला फोडू दिलं न्हाई. भाऊबीजेला फराळ द्यायला गेले तर तिच्या कपाटाशेजारी एका पाटावर ते ताट मांडलेलं. मुंग्या लागू नयेत म्हणून पाटाखाली परात ठेवलेली. घागरीतला थेंब सांडला तर बापाचा उद्धार करणारी बाई, आन् परात पाण्यानं काठोकाठ भरलेली.