सुरूच्या बनातली गोकर्ण

जामबागच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही तिथली एक तरुण सहकारी मला हक्काने बोलावते. कुकटपल्लीच्या पलीकडे सुरूची जुनी लागवड आहे. तिच्या अर्ध्या भागात विरळणी झाली होती, म्हणजे एकाआड एक झाड काढलं होतं. उरलेल्या झाडांखाली आता काय उगवतंय, ते तिला बघायचं होतं.

"मॅडम, चला ना. रोपं ओळखायला तुम्ही हव्यात."

गाडीत तिची आईही होती. हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये एकटीने बसून अम्मांचा जीव कंटाळायचा.

आधी आम्ही न तोडलेल्या भागात शिरलो. सुयांसारख्या वाळक्या काड्यांचा थर गादीसारखा दबत होता. खाली गवताचं पातं नाही, वर पाखरू नाही. बोलता बोलता मी मागे वळले, तर सहकारी अगदी खांद्याशी उभी. ती जवळ आल्याचं मला ऐकूच आलं नव्हतं. शेंड्यांत मात्र वारा सारखा चालू होता, कुणी तोंडावर हात दाबून श्वास घ्यावा तसा.

विरळ भागात आलो आणि हायसं वाटलं. टाकळा, आघाडा, रानतुळस, कितीतरी गवतं, सगळं गुडघाभर. अम्मा सावलीला बसल्या. आम्ही जमिनीवर लाकडी चौकट टाकून तिच्या आतली रोपं मोजायला लागलो.

मग मला गोकर्ण दिसली. गर्द निळी, खुंटांवर चढलेली. रानात गोकर्ण असते, पण ही सरळ रेषेत गेली होती. पुढे काटकोनात वळली होती, परत सरळ. मधे दाराएवढी मोकळी जागा.

"हे कुणाचं तरी कुंपण आहे," मी म्हणाले.

"इथे घर कुठलं, मॅडम? जुन्या नकाशातही काही नाही."

मी तिला समजावलं, की हिचं बी टणक सालीचं असतं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि डोक्यावरची सावली हटून जमीन तापली की जागं होतं. सांगताना माझ्याच हातावर काटा आला. इतकी वर्षं त्या काड्यांखाली ते आखलेल्या जागी वाट बघत होतं.

तेवढ्यात ती ओरडली, "अम्मा!"

झाडाखाली कुणी नव्हतं. आम्ही हाका मारत सुटलो. दाट भागात आमचेच आवाज दबून जात होते. अम्मा तिथेच सापडल्या, बऱ्याच आत, अंधारात मांडी घालून. ओटीत गोकर्णीची फुलं.

"यहां कायकू आए, अम्मा?" मी विचारलं.

"उस औरत ने बोली, बाहर धूप है, अंदर आके बैठो."

"कौन औरत?"

अम्मांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी समोर बसलेल्या माणसाला ओळखत नव्हते. मग फुलं हलकेच खाली ठेवली, तेलुगूत कुणाचा तरी निरोप घेतला आणि लेकीचा हात धरून उठल्या.

घरी त्यांना ताप नाही, काही नाही. डॉक्टरांनाही काही सापडलं नाही. फक्त लेक बनात निघाली की त्या विचारतात, "ती बाई बरी आहे ना?"

परवा सहकारीचा फोन आला. आता उरलेल्या भागाचीही विरळणी होणार म्हणे. मी येणार का, असं तिने विचारलं. मी गुडघेदुखीचं कारण पुढे केलं.