उंट, निळा पोपट आणि अक्का

मी सहावीत असताना विज्ञानाच्या मिसनी गृहपाठ दिला होता: वाळवंटातला एक सस्तन प्राणी आणि उष्ण प्रदेशातला एक दुर्मीळ पक्षी, दोघांची तुलना करा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कानडी मुलखात, बनशंकरीत राहत होतो. माझी मोठी बहीण, अक्का, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिला डायलिसिसला नेत. पाणी मोजून, दिवसाला दोन पेले.

कॉलेज सोडावं लागल्यापासून माझा अभ्यास तीच घ्यायची. उंट मी निवडला, पोपट तिनं. कुठल्याशा पुरवणीत तिनं वाचलं होतं, की ब्राझीलच्या रानात एका जातीचा निळा पोपट एकच उरलाय. वहीत मधोमध रेघ मारून आम्ही बसलो. उंट कितीतरी दिवस पाण्याशिवाय राहतो आणि मिळालं की एका दमात शंभर लिटर पितो, हे मी मोठ्यानं वाचलं आणि मधेच अडखळले. ती नुसतं "लिही पुढं" म्हणाली. पोपटाच्या बाजूला तिनं स्वतः लिहिलं, की जोडीदार नसल्यानं तो दुसऱ्याच जातीच्या मादीबरोबर हिंडतो. मग पेन खाली ठेवून तिनं विचारलं, "आपण शेवटचे आहोत, हे त्याला कळत असेल का ग?"

मी वहीतली मधली रेघ पुन्हा एकदा पट्टीनं ओढली.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारी आई देवळात लिंबाच्या सालीतला दिवा लावायला गेली होती. अक्कावर लक्ष ठेव, असं मला बजावून गेली होती. दोन्ही पेले सकाळीच संपले होते.

"स्वल्प पाणी दे ग," अक्का म्हणाली. "ओठ ओले होतील एवढंच."

मी नाही म्हटलं. आई रागावेल, असंही म्हटलं.

"सरी, बरं," म्हणून ती भिंतीकडे वळली. चिडली नाही. मलाही तहान लागली होती. मी न्हाणीघरात जाऊन, आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक सोडून, ओंजळीनं पाणी प्यायले.

त्याच आठवड्यात, शनिवारी, ती दवाखान्यात वारली.

भेटायला येणाऱ्या बायकांना आई सांगायची, "माझ्या लेकीनं कधी काही मागितलं नाही हो." मी शेजारीच बसलेली असायचे. ते खरं नव्हतं, पण मी तिला कधी सांगितलं नाही.