ओपल कॉडिलचं शपथपत्र

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातली कॉडिल मंडळी भारी ताठ. खाणीत हाडं मोडून घेतील, पण कुणापुढे हात पसरणार नाहीत. वर्लीनही त्याच वाणाची. अठरा वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होती. गावच्या कॉलेजात नर्सिंग शिकवायला कुणी मिळेना, तेव्हा ही गेली. पगार जवळजवळ निम्म्यावर आला आणि शिक्षणाचं कर्ज मात्र मानगुटीवर तसंच राहिलं.

"परत ये हॉस्पिटलात, अशानं बुडशील," जुनी हेडनर्स फोनवर म्हणाली.

"आणि या पोरींना शीर शोधायला कोण शिकवणार? तू?" वर्लीनने फोन आपटला.

एक सरकारी योजना होती. गरिबीतून वर आलेल्या नर्स-डॉक्टरांनी शिकवायला घेतलं, तर कर्ज फेडायला सरकारचा हातभार. फक्त गरिबीचा पुरावा हवा: शाळेत फुकट जेवण मिळत होतं असा दाखला. इथेच घोडं पेंड खात होतं. घरात घेवडा आणि मक्याच्या पावाशिवाय काही नसायचं, तरी तिची आई ओपल दरवर्षी जेवणाचा फॉर्म चुलीत घालायची. आता उरलं फक्त ‘आम्ही गरीब होतो’ असं आईचं शपथपत्र.

"आपण गरीब नव्हतो," ओपल म्हणाली. "मी सही करणार नाही. तुझा बाप थडग्यात उठून बसेल."

"बसू दे! आई, तू बांधून दिलेला पाव एकालाच पुरायचा. तो मी धाकट्याला द्यायचे आणि पोट दुखतंय सांगून वर्गात बसायचे. तुझा ताठा मी उपाशीपोटी सांभाळला. आता नाही सांभाळणार!"

ओपलला हे ठाऊकच नव्हतं. तिने उठून कोट चढवला.

बँकेत नोटरीचं काम ग्लेना करायची. चर्चमधली ही बाई, गावभर बातमी पोचवण्यात पटाईत. शुक्रवारची रांग दारापर्यंत गेलेली. कागद बघून ग्लेनाने आवाज खाली आणला. "ओपल, मी आपली मनातच वाचते हं."

"मोठ्यानं वाच. माझी पोर उपाशी राहिली आणि मला कळलं नाही. लाज असेल तर ती माझी, तिची नाही. वाच!"

ग्लेना वाचू लागली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या खाणकामगाराने हळूच टोपी काढली.

"टोपी घाल," ओपल कडाडली, "इथं कुणी मेलेलं नाही." आणि तिने सही ठोकली.