सुरेशच्या मांडीतला तुकडा

काच काळीच होती. डॉक्टर मॅडमनं मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "काका, काहीच चमकत नाही."

मी गोंदियातल्या एका लॅबमध्ये अटेंडंट. रिटायर झालो, पण बायको गेल्यापासून घरात बसवत नाही. म्हणून पुन्हा कामावर येऊन राहिलो.

काचेवर आमगावकडच्या सुनीताच्या स्नायूचा तुकडा होता. धानाच्या रोवणीत वाकली की तिला उठता येईना. दुसऱ्या दवाखान्यात स्नायूला सूज सांगून स्टेरॉइड दिलं. तोंड सुजलं, पाय तसेच. मॅडमला शंका वेगळी. स्नायूच्या पेशीचं पातळ आवरण काम करताना फाटतं. ते सांधणारं एक प्रोटीन असतं. काचेवर टाकलेली अँटीबॉडी त्या प्रोटीनलाच जाऊन चिकटते, मग तिथं हिरवं चमकतं. प्रोटीनच नसेल तर स्टेरॉइड फुकट, वरून त्रास.

पण अँटीबॉडीच्या बाटलीचं पार्सल मीच स्टेशनवरून आणलं होतं. आतल्या बर्फाचं पाणी झालेलं. प्रोटीन नाही, की अँटीबॉडीच मेली? कळायला निरोगी माणसाचा स्नायू पाहिजे; तो चमकला तर अँटीबॉडी ठीक, सुनीतातच प्रोटीन नाही. आमच्याजवळचा संपलेला.

सुनीताचा नवरा सुरेश दारात फेऱ्या मारत होता. "काकाजी, ताजं मटण आणू का?"

"कायले? तुयी बायको बकरी होय का?"

"मग माह्या मांडीतलं घ्या."

सुनीताचा भाऊही पुढं आला. मॅडम म्हणाल्या, "भाऊ नको. रक्त एकच, त्याच्यातही हे प्रोटीन कमी असू शकतं. नवरा चालेल. पण सुरेश, दुखेल."

"तिले नाही दुखलं का?"

सही झाली, मांडी बधिर केली, तुकडा घेतला. दोन्ही काचांना एकाच बाटलीतली अँटीबॉडी लावली. निकाल दिसेतोवर मला बसवेना. फ्रीज उघडला, बंद केला. धुतलेल्या बरण्या पुन्हा धुतल्या. मनात एकच, बाटली खराब निघू दे.

सुरेशची काच हिरवीगार चमकली. सुनीताची काळीच.

"मग दवा कोणती, मॅडम?" सुरेशनं विचारलं.

"यावर दवा अजून निघालीच नाही. स्टेरॉइड मात्र हळूहळू बंद करू."

सुरेश लंगडत बाहेर गेला. बाकावरून सुनीतानं विचारलं, "काय निघालं?"

"तुह्या गोळ्या सुटल्या," तो म्हणाला. बाकीचं मॅडमनं तिला आत बसवून सांगितलं.

पुढं तिच्या तोंडाची सूज उतरली. पाय नाही. सुरेशनं खाटेखाली विटा लावल्या, तिला उठायला सोपं जावं म्हणून.

एकट्या काळ्या काचेवर निकाल देऊ नये. शेजारी निरोगी काच ठेवावी, आणि मग जे दिसेल ते मानावं. ठेवायचं काम मी करतो. मानायचं मला अजून जमत नाही.