भिंतीवरचे करकोचे

आमच्या तळ्यात खडकाची एक लांब सोंड आत शिरली आहे. तिला सगळे नाकाड म्हणतात. आटपाडीकडच्या त्या कोरड्या मुलखात पाणी तेवढंच. थंडीभर हरभऱ्याच्या रानात हिंडलेले करकोचे शिमग्याच्या सुमाराला नाकाडावर गोळा होत आणि एका सकाळी उंच घिरट्या घालत उत्तरेला निघून जात. वाकळा धुवायला गेले की मी बघत बसे. घरी येऊन चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिही, 'आज नाकाडावर दोन रांगा.' 'रंगपंचमी. आज गेले.' चौथीपर्यंत शिकलेलं दुसरं कुठे वापरायचं? घरची पत्रं सोडली तर मला कुणी लिहायला सांगत नसे.

पाडव्याला पांढऱ्या मातीने भिंती पोतारताना तेवढा तुकडा मी सोडून देई. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणत, "भिताडाला खरूज झालीया व्हय गं?" मी पदर ओढून पुढची भिंत पोतारायला घेई.

लढाई संपल्यावर धाकटे दीर पलटणीतून सुट्टीवर आले. पाणी प्यायला चुलीपाशी आले ते भिंत वाचतच उभे राहिले.

"वैनी, तुमी लिवलंय ह्ये? तिन्ही सालं रंगपंचमीच्या आगंमागंच गेल्यात की!"

मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कुणीतरी वाचलं होतं.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी त्यांचा साहेब बंदूक घेऊन आला. साहेबाला हिंदीत समजावून झाल्यावर दीर ओट्यावरच्या माणसांकडे वळून म्हणाले, "तीन सालं नजर हाय माझी त्यांच्यावर. उद्या तांबडं फुटताना नाकाडावर घावत्यात बघा."

तीन सालं त्यांना सुट्टीच मिळाली नव्हती! मी दाराआड उभी होते.

सकाळी बार ऐकू आले. थोड्या वेळाने दिरांनी दोन करकोचे उंबऱ्यात टाकले. एकाची मान पायरीवरून खाली लोंबत होती.

"वैनी, मसाला वाटा. झणझणीत करा."

"मी न्हाई वाटणार."

लग्न झाल्यापासून दिरापुढे एवढं मोठ्याने कधी बोलले नव्हते.

"आँ? हरभरा खात्यात तवा कुटं जातो ह्यो पुळका?"

"लिवाय शिकीवली की अशी बोलाय लागती," म्हणत आत्याबाईंनी पाटा ओढला. मी पांढऱ्या मातीचा गोळा घेतला आणि सगळी भिंत पोतारून टाकली.

पुढच्या शिमग्याच्या तोंडावर दिरांचं पत्र आलं. घरात वाचणारी मीच. त्यात होतं, 'वैनींना विचारून कळवा, करकोचे जमले का. साहेब परत येणार म्हणतात.' ती ओळ मी गाळून वाचली. आत्याबाई उत्तर सांगू लागल्या, मी लिहू लागले. म्हैस व्याली, ज्वारी काढली, सगळी खुशाल. खाली, कुणी न सांगता, मी लिहिलं, 'औंदा तळं आटलं. करकोचे आले नाहीत.'

तेव्हाच घरावरून थवा ओरडत गेला. आत्याबाई वर बघून म्हणाल्या, "काय कालवा ह्यो!"

साहेब आला नाही, करकोचे सुखरूप गेले. पण माझा राग गेला नाही, अजूनही जात नाही. माझी भिंत, माझं बघणं, आणि खोटं लिहायची पाळीही माझ्यावरच. सरळ लिहायला हवं होतं, आलेत, आणि कधी जाणार ते मी सांगणार नाही.